मुठे पकडणाऱ्याची टोपी

मुठे म्हणजे शेतातले खेकडे पकडायला, किंवा वलगणीच्या, म्हणजे पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या माशांमागे बाहेर पडलेल्या माणसाच्या डोक्यावर पावसात जे काही असते, त्याला एकाच वेळी बरीच कामे करावी लागतात. पाणी डोळ्यांत उतरू न देणे हे पहिले. मान आणि पाठ झाकणे हे दुसरे. दोन्ही हात मोकळे ठेवणे हे तिसरे. एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात तारेचा आकडा असतो, त्यामुळे छत्री इथेच बाद होते. आणि कान उघडे ठेवणे हे चौथे, ज्याचा विचार दुकानात उभे असताना सहसा होत नाही. टोपी ‘वॉटरप्रूफ’ आहे की नाही हा प्रश्न या सगळ्यानंतर येतो. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या पावसात तर तो बराच उशिरा येतो.

हा भाग सह्याद्रीच्या अगदी पायथ्याला आहे. पूर्वेला राजमाची, ढाक आणि भीमाशंकरची भिंत, पश्चिमेला माथेरानचा डोंगर, मधल्या खोलगटात उल्हास आणि पेज, दक्षिणेला खोपोलीकडून वाहत जाणारी पाताळगंगा. अरबी समुद्रावरून आलेले ढग या भिंतीला अडून वर चढतात आणि रिकामे होतात. माथेरानचा वर्षाचा पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या आसपास असतो. चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस पडला की महसूल खाते त्याला अतिवृष्टी म्हणते. जुलैमध्ये इथल्या माणसाला तेवढ्याने पाऊस वाढला असे वाटतही नाही. टपोरा, पाच मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने खाली येतो, म्हणजे ताशी तीसहून अधिक किलोमीटर. शिवाय तो सरळ येत नाही. वारा पश्चिमेकडून असतो, घाटाच्या तोंडाशी तो कधी वळतो, कधी उलटा फिरतो, आणि पाऊस कानामागून, कधी हनुवटीखालून आत शिरतो. डोक्यावर नुसते छप्पर असून भागत नाही, त्याला बाजूही लागतात.

अशा पावसात इथे शिकार कशाची होते, हे आधी स्पष्ट केले पाहिजे, कारण ‘शिकारीची टोपी’ म्हटले की बंदूकवाला साहेब डोळ्यांपुढे येतो. त्या साहेबाची शिकार पावसाळ्याची नव्हतीच. गवत पुरुषभर वाढलेले, जनावर पाण्यासाठी एका जागी येण्याची गरज नाही, वाटा वाहून गेलेल्या; इंग्रजी अमदानीतल्या मोठ्या शिकारी थंडीत आणि उन्हाळ्यात होत. आता तर तो विषयच संपला आहे. मुंबई राज्याने 1951 मध्ये वन्य प्राणी व पक्षी संरक्षणाचा कायदा केला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या नवव्या कलमाने अनुसूचीतल्या प्राण्यांच्या शिकारीवर बंदी घातली. घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. तिच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. आदिवासींच्या परंपरागत हक्कांना मान्यता देणाऱ्या 2006 च्या वनहक्क कायद्यानेही ही रेषा ओलांडलेली नाही. पाण्यातले मासे आणि इतर जलचर यांच्यावरचा सामूहिक हक्क तो मान्य करतो, वन्यप्राण्यांची शिकार करण्याचा किंवा सापळा लावण्याचा परंपरागत हक्क मात्र स्पष्ट शब्दांत वगळतो.

उरते ती पाण्याची आणि चिखलाची शिकार, आणि ती खरोखरच पावसाचीच आहे. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात नदीनाल्यांतले मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात, ओढ्यांतून थेट भातखाचरांपर्यंत येतात. हीच वलगण. मरळ, वाम, शिंगटी आणि लहान खवल्यांचे कितीतरी मासे तेव्हा पागात, हातजाळीत किंवा बांधाच्या तोंडाशी लावलेल्या कामट्यांच्या सापळ्यात सापडतात. त्याच सुमारास बिळांतून मुठे बाहेर येतात. शेतातला काळसर, जाड नांगीचा हा खेकडा वर्षातले कोरडे महिने जमिनीखाली काढतो आणि पावसाच्या रात्री चरायला निघतो. कातकरी, ठाकर आणि महादेव कोळी वाड्यांमध्ये जून-जुलैचे हे अन्न हौसेचे नसते. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तेव्हा घरात धान्य थोडे आणि हाताला काम कमी असते. कर्जत-खोपोलीकडच्या नोकरदार घरांतली पोरे मुठ्यांना जातात ती मजेखातर, पण ओढ्यात शेजारी उभी असलेली दोन माणसे एकाच कारणाने भिजत नसतात. अर्थात अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय कशालाच हात लावता येत नाही. पाण्यात विष किंवा सुरुंग घालून मासे मारणे तर 1897 च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे.

या कामांसाठी डोक्यावर काय असावे याचे सर्वांत जुने उत्तर शेतात मिळते. ते म्हणजे इरले. बांबूच्या बारीक कामट्यांची दोन जाळीदार विणकामे, त्यांच्या मध्ये पळसाची किंवा सागाची पाने एकावर एक चढवून दाबलेली, आणि काठ घट्ट बांधलेला. आकार निम्म्या शिंपल्यासारखा. वरचा निमुळता भाग डोक्यावर बसतो, खालचा पसरट भाग पाठीवरून कमरेपर्यंत येतो. इरले उभ्या माणसासाठी बनलेलेच नाही. ते लावणीला वाकलेल्या माणसासाठी आहे. माणूस कमरेत वाकला की पाठ आडवी होते, पाऊस थेट तिच्यावर पडतो, आणि इरल्याचा सगळा पसारा नेमका तिथेच असतो. चेहरा खाली, हात चिखलात, डोळ्यांसमोर भाताचे आवण. पाने छपराच्या कौलांसारखी उताराला लावलेली असल्यामुळे पाणी एका पानावरून दुसऱ्यावर घसरत काठाशी येते. पान आणि पाठ यांच्यामध्ये चार बोटे हवा राहते, म्हणून घाम साचत नाही. दोन्ही बाजू मोकळ्या असल्याने कान झाकले जात नाहीत. आधुनिक रेनकोटवाले ज्या गुणांसाठी जाहिराती करतात, त्यांतले निम्मे गुण या पानांच्या कवचात आधीपासून आहेत.

मेघालयातल्या खासी शेतकऱ्यांचे ‘क्नुप’ हे जवळजवळ याच घडणीचे आहे: तीच पाठीवरची ढाल, तेच वाकून करायचे काम, तसाच धोधो पाऊस. आसामची ‘जापी’ मात्र गोल आणि रुंद, उभ्या माणसाच्या डोक्यावर बसणारी. पाऊस सारखा असला तरी अंगाची ठेवण बदलली की आवरण बदलते, हे या दोन शेजाऱ्यांकडे पाहून कळते. मुठ्यांच्या कामाला इरले का चालत नाही याचे कारणही हेच आहे. मुठे पकडणारा क्षणात वाकतो, क्षणात उभा राहतो, कारवीच्या दाटीतून अंग चोरत जातो, खडकावरून उडी मारतो. इरल्याचा पसारा तिथे वाऱ्यात शिडासारखा भरतो आणि फांद्यांना अडकतो. वाहत्या पाण्यात पाय घसरला तर ते माणसाला ओढत नेईल. बांधावर बसून सापळ्याची राखण करायची असेल तर मात्र इरल्यासारखे आवरण नाही.

दुसरे उत्तर खोळीचे. घोंगडी लांबीत दुमडून तिचा एक कोपरा आत खोचला की डोक्यावर टोकदार टोपडे आणि पाठीमागे गुडघ्यापर्यंतचा पदर तयार होतो. घोंगडी कोकणातली नव्हे. ती घाटमाथ्यावरून येते, दख्खनी मेंढीच्या लोकरीची, सणगर-धनगरांनी विणलेली, ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली. लोकरीचा गुण असा की तिचा तंतू आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी शोषून घेतो आणि तरी अंगाला ओला लागत नाही. शोषताना थोडी ऊबही देतो. धुऊन न काढलेल्या लोकरीतली चरबी पाणी झटकते. राजमाचीच्या किंवा ढाकच्या पठारावर वाऱ्यात उभे राहून गुरे राखणाऱ्याला घोंगडीची खोळ अजूनही पटते. खालच्या खोऱ्यात तिची अडचण होते. पाऊस तासभर टिकला की ती भिजून मानेवर जड पडते, वाळायला दोन-तीन दिवस घेते, आणि ओढ्याच्या पाण्यात पदर बुडाला की चालणे मुश्कील होते.

खोळीची घडी मात्र घोंगडीपेक्षा जास्त टिकली. गोणपाटाच्या पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात सारला की तीच खोळ होते. खतांच्या गोण्या आल्या तेव्हा त्यांच्या आतल्या प्लास्टिकच्या पिशवीची तशीच खोळ झाली. पुढे दुकानात मीटरवर मिळणारे प्लास्टिक आले. त्याला गावात ‘कागद’ म्हणतात. लावणीच्या दिवसांत कशेळे, कडाव, चौक या बाजूच्या शेतांत आज दिसते ते मुख्यतः हेच. निळा, काळा किंवा पारदर्शक कागद डोक्यावरून घेऊन गळ्याशी आणि कमरेशी सुतळीने आवळायचा. इरल्यांनीही कागदाशी तडजोड केली आहे: सांगाडा बांबूचा, पानांच्या जागी प्लास्टिक. वजन घटले, दरवर्षी पाने बदलण्याचे काम गेले. कागदाला दोष देणे सोपे आहे, पण स्वस्त, हलका आणि एकही शिवण नसलेला हा तुकडा पाणी आत येऊ देत नाही एवढे खरे. त्याचे दोन दोष खरे आहेत. एक, तो कानांना चिकटतो आणि पावसाचा प्रत्येक थेंब त्यावर ताशासारखा वाजतो. दोन, त्याच्या आत माणूस घामाने भिजतो.

घामाचा हा मुद्दा इतका महत्त्वाचा आहे की बाहेरून आलेल्या बहुतेक टोप्या त्याच्यावरच नापास होतात.

त्या टोप्यांचा इतिहास मात्र रंजक आहे. इंग्रजांच्या डोक्यावरची सोला हॅट ही शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या भेंडाची. वजनाला नगण्य, उन्हाला उत्तम, आणि पावसाला निरुपयोगी. भेंड पाणी पिऊन फुगते आणि हॅटचा आकार बिघडतो, म्हणून तिच्यावर पावसाळी खोळ चढवावी लागे. समुद्रावरच्या इंग्रज कोळ्यांनी वेगळा मार्ग काढला: कापडाला तेल पाजून पाणी परतवणारी, मागची कड पुढच्यापेक्षा लांब असलेली टोपी, जिच्यामुळे पाणी कॉलरच्या आत न जाता पाठीवर पडते. मागची ही लांब कड आजही पावसाळी हॅटची सर्वांत शहाणी गोष्ट आहे. 1823 मध्ये चार्ल्स मॅकिंटॉशने दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालण्याचे पेटंट घेतले आणि रेनकोटाचे युग सुरू झाले. पाणी बाहेर राहिले, घाम आत राहिला. दीडशे वर्षे हे असेच चालले. 1969 मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचे प्लास्टिक झटक्याने ताणून त्याचा सूक्ष्म छिद्रांचा पडदा बनवला. छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा कितीतरी लहान, पण वाफेच्या कणापेक्षा मोठी. पाऊस आत येत नाही, घामाची वाफ बाहेर जाते. ‘श्वास घेणारी’ म्हणून विकली जाणारी महागडी हॅट ती हीच, किंवा तिच्या चुलत घराण्यातली.

कर्जतच्या जुलैत ही हॅट आपले अर्धे कामही करत नाही. त्यात तिचा दोष नाही. वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकामुळे. टाळूपाशी तापमान 34 अंशांच्या आसपास असते. तिथल्या दमट हवेचा बाष्पदाब पाच किलोपास्कलच्या थोडा वर. युरोपातल्या 5 अंशांच्या पावसात बाहेरचा दाब एक किलोपास्कलही नसतो, म्हणजे वाफेला बाहेर ओढणारा फरक चारहून अधिक. कर्जतला जुलैत तापमान 26 अंश आणि आर्द्रता नव्वदीच्या पुढे धरली तर बाहेरचाच दाब तीनच्या वर जातो आणि फरक उरतो दोनच्या जवळपास. साधारण निम्मा. त्यातच हॅटच्या बाहेरच्या कापडावरचे पाणी झटकणारे लेपन चार-सहा पावसांत झिजते, कापड भिजून जड होते आणि छिद्रांवर पाण्याचा थर बसतो. मग जास्तीचे पैसे मोजलेली हॅट आणि मीटरवरचा कागद यांत घामाच्या दृष्टीने फारसा फरक राहत नाही.

तेव्हा इथे घामावरचा उपाय कापडात नाही, घडणीत आहे. टोपी डोक्याला चिकटून न बसता तिच्या आणि केसांच्या मध्ये हवा फिरली पाहिजे. यासाठी बाजूला, कडेच्या वरच्या अंगाला जाळीची किंवा धातूच्या कड्यांची छिद्रे असलेली हॅट घ्यावी. कड पुरेशी उतरती असली की या छिद्रांतून पाणी जवळजवळ येत नाही. कपाळाला लागणारी पट्टी सुती नको. सुती पट्टी पहिल्या अर्ध्या तासात घामाने भिजते आणि रात्रभर ओलीच राहते. अस्तर नसलेलेच बरे. असलेच तर पातळ पॉलिएस्टर जाळीचे. माणसाच्या अंगातली निम्मी उष्णता डोक्यावाटे जाते हा समज परदेशी शिकाऱ्यांकडून इथल्या गिर्यारोहकांपर्यंत पोहोचला आहे आणि त्यापायी लोकरीचे अस्तर असलेल्या टोप्या विकत घेतल्या जातात. डोके हा शरीराच्या पृष्ठभागाचा दहावा भाग, आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. कोकणच्या पायथ्याला पावसात डोके गरम ठेवण्याची गरज नसते. थंडी वाजते ती ओल्या पाठीला वारा लागल्याने.

दुकानातल्या लेबलावर ‘5,000 मिमी’, ‘10,000 मिमी’ असे आकडे असतात. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ चढवत नेला तर किती उंचीला ते झिरपू लागते, याचे ते माप. 1,500 च्या वरचे कापड जलरोधक धरतात. पाठीवरची सॅक ज्या खांद्यांवर रुतते किंवा ओल्या दगडावर जिथे बसायचे असते, तिथे मोठा आकडा कामाचा; टोपीवर वजन पडतच नाही, त्यामुळे तिथे दहा हजारांसाठी पैसे मोजणे व्यर्थ आहे. टोपी गळते ती कापडातून नव्हे, शिवणीतून. सुईचे प्रत्येक छिद्र ही गळतीची जागा. म्हणून टोपी उलटी करून पाहावी. आतून प्रत्येक शिवणीवर चिकटवलेली पट्टी आहे का, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डोक्याच्या मध्यावर शिवणी एकत्र येतात तिथे एक बटण ठोकले आहे का, हे बघावे. ते बटण असलेली टोपी पावसासाठी घेऊ नये. दुकानदार ओळखीचा असेल तर टोपी उलटी धरून तिच्यात ओंजळभर पाणी ओतावे आणि चहा होईपर्यंत थांबावे. एवढी परीक्षा लेबलापेक्षा जास्त सांगते.

रात्रीचा प्रश्न वेगळा आहे आणि टोपीची खरी कसोटी तिथेच लागते. पूर्वी मुठ्यांना चुडी, पलिते, कंदील आणि नंतर गॅसबत्ती घेऊन जात. आता कपाळावर पट्ट्याने बांधायची एलईडी बॅटरी आली आहे. ती पावसात फसवी ठरते. दिवा डोळ्यांच्या अगदी वर असला की समोर पडणारा प्रत्येक थेंब उजळून निघतो, त्याचा प्रकाश थेट डोळ्यांत परततो आणि पलीकडचे काहीच दिसत नाही. धुके असेल तर समोर पांढरी भिंतच. दिवा डोळ्यांपासून जितका खाली आणि बाजूला, तितके हे कमी. म्हणून बॅटरी कमरेच्या उंचीला हातात धरावी. डोक्यावरची बॅटरी बिळात आकडा घालताना दोन्ही हात लागतात त्या वेळेपुरती पेटवावी. हॅटच्या कडेवर बॅटरी बांधली तर कडेची सावली पायाशी पडते आणि ओली कड खाली झुकते. पुढची कड छोटी आणि ताठ असलेली टोपी यासाठी बरी. रेनकोटाची टोपी वापरायचीच असेल तर तिच्या आत क्रिकेटची कॅप घालावी. कॅपची पुढची पट्टी रेनकोटाला डोळ्यांवर येऊ देत नाही आणि मान वळवली की टोपीही वळते. नाहीतर माणूस डावीकडे पाहतो आणि टोपडे समोरच राहते. चष्मा लावणाऱ्याला ही पट्टी नसेल तर रात्रीच्या पावसात जाऊच नये.

कान झाकू नयेत याचे कारण ओढा आहे. घाटावर ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि खाली रिमझिम असली तरी पाणी काही मिनिटांत वाढते. ते दिसण्याआधी ऐकू येते: वरच्या अंगाला दगड गडगडण्याचा दबका आवाज, प्रवाहाच्या सुरात पडलेला फरक. त्यापाठोपाठ पाणी तांबूस होते, पाने-काटक्या वाहत येतात. जाणती माणसे आवाज बदलला की पोते-डबा सोडून आधी काठावर चढतात. प्लास्टिकच्या टोपड्याआड हा आवाज पोहोचत नाही; तिथे फक्त टपटप ऐकू येते. बेकरे, आषाणे किंवा खोपोलीच्या झेनिथ धबधब्यावर येणारे पर्यटक डोक्यावरून पायघोळ प्लास्टिकचे पोंचो घालतात, त्यांत हाच धोका आहे. पोंचो वाऱ्यात तोंडावर येतो हा त्यातला आणखी एक. बांधावरून जाताना मागून येणारी हाक, गवतातल्या घोणसाचा लांबलचक फूत्कार, हेही कानांनीच कळते. बिळात हात न घालता आकडा घालायचा तोही याच शेजाऱ्यांसाठी.

आता कडेची रुंदी. सहा-सात सेंटिमीटर पुरते, मागे दोन-तीन अधिक. याहून रुंद कड शेताच्या मोकळ्यावर चांगली, कारवीत आणि बांबूच्या बेटात त्रासदायक. कड मऊ असेल तर भिजल्यावर डोळ्यांवर लोंबते, म्हणून काठात तार किंवा ताठ दोरा शिवलेली घ्यावी. हनुवटीखालची दोरी हवीच, घाटातला वारा हॅट सहज उडवतो. पण ती ओढ लागताच सुटणाऱ्या कडीची असावी. गाठ मारलेली दोरी फांदीत किंवा प्रवाहात अडकली तर गळ्याला बसते. माप घेताना भुवयांच्या वरून डोक्याचा घेर मोजावा आणि ओल्या केसांसाठी एक बोट जागा सोडावी.

रंगाबद्दल परदेशी शिकाऱ्यांचे नियम इथे लागू नाहीत. तिकडे हरणाला नारिंगी रंग नीट ओळखता येत नाही आणि दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी लागू नये म्हणून अमेरिकेतल्या अनेक राज्यांत भडक नारिंगी टोपी सक्तीची आहे. गढूळ ओढ्यातला मासा आणि रात्रीचा मुठा टोपीचा रंग बघत नाही. तरीही भडक रंगच घ्यावा, कारण अंधारात सोबती हरवू नये आणि परतताना कर्जत-मुरबाड किंवा चौक-कर्जत रस्त्यावर ट्रकवाल्याला माणूस दिसावा. मागच्या बाजूला चकाकणारी पट्टी चिकटवली तर अधिक चांगले. लष्करी छाप्याच्या हॅटची सध्या तरुणांत हौस आहे. ओढ्याकाठी तिचा उपयोग फक्त हरवण्यासाठी होतो.

टोपी टिकवणे हे कोकणात टोपी निवडण्याइतकेच कठीण आहे, कारण जून ते सप्टेंबर ऊन असे फारसे मिळत नाही. ओली टोपी घडी करून पिशवीत टाकली की दोन दिवसांत बुरशी धरते, रबराचा थर असेल तर तो चिकट होऊन सुटू लागतो. घरी येताच साध्या पाण्याने चिखल धुवावा, पाणी झटकावे आणि डब्यावर किंवा तांब्यावर उपडी घालून वारा लागेल तिथे ठेवावी. चुलीच्या थेट आचेवर नको; नायलॉन आक्रसते आणि शिवणीवरच्या पट्ट्या उकलतात. कपडे धुण्याची पावडर वापरू नये, तिचा अंश कापडात राहिला की पाणी झटकण्याचा गुण जातो. मेण लावलेल्या कॅनव्हासच्या हॅटा थंड देशांत पिढ्यान्‌पिढ्या चालतात; इथल्या उन्हाळ्यात त्या चिकट होतात आणि पावसाळ्यात वास धरतात. इरल्याचे जतन नेमके उलटे. ते चुलीवरच्या माळ्याला टांगतात, धुराने बांबूला कीड लागत नाही.

शिकारीपुरता एक नियम टोपीच्या बरोबरीने डोक्यात ठेवण्यासारखा आहे. पावसाच्या सुरुवातीला मुठ्याच्या मादीच्या पोटाखालच्या झाकणात अंडी किंवा तयार पिल्ले असतात. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची पिल्ले समुद्रातल्यासारखी पाण्यावर तरंगत वाढत नाहीत, आईच्या पोटाखालूनच छोटे मुठे होऊन बाहेर पडतात. एक मादी पोत्यात गेली तर त्या बांधावरची पुढच्या वर्षीची पैदासच गेली. पोट उलटून पाहावे आणि अशी मादी जागेवर सोडावी. जाळ्यात कासव आले तर तेही सोडावे, ते कायद्याने संरक्षित आहे.

या सगळ्याचा निवाडा असा की कर्जत-खालापूरच्या पावसात एकच सर्वगुणी शिरस्त्राण नाही. लावणीला आणि बांधावर बसून करायच्या कामाला इरले, आणि ते पानांचे मिळाले तर पानांचे. पठारावर गुरांमागे घोंगडीची खोळ. वलगणीच्या दिवशी कमरेइतक्या पाण्यात उभे राहायचे तर डोक्यालगत बांधलेला, कान मोकळे ठेवणारा कागदाचा तुकडा. मुठ्यांच्या रात्रीला हलकी, अस्तर नसलेली, बाजूला छिद्रे असलेली, सहा-सात सेंटिमीटर उतरत्या कडेची भडक हॅट; पडद्याच्या महागड्या कापडावर खर्च करण्यापेक्षा तेच पैसे चांगल्या बॅटरीवर घालावेत. पानांचे इरले विणणारे हात आता थोडेच राहिले आहेत आणि शेतापेक्षा फार्महाऊसच्या भिंतीवर शोभेसाठी त्यांना जास्त मागणी येते. ज्याला ते खरोखर पाठीवर घ्यायचे आहे त्याने वैशाखातच सांगून ठेवावे. मृग लागल्यावर विणणारा स्वतःच शेतात असतो.